परत येण्याची कारणे

ऑस्ट्रेलियाच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज करणाऱ्या आईवडिलांनी सोबत एक पत्र जोडावे, असे या वाटेने आधी गेलेले सगळे सांगतात. मुलीने किंवा मुलाने लिहायचे आमंत्रणपत्र वेगळे. हे पत्र आपले आपण लिहायचे असते आणि दिलेल्या मुदतीत आपण परत का येणार आहोत, याची कारणे त्यात द्यायची असतात. २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या बांदोड्याच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर कागदांचा पसारा मांडून, यजमान आणि मी ही कारणे शोधत बसलो होतो. माझी सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे पत्रलेखनाचे खाते घरात आपोआप माझ्याकडे येते. पत्र शेवटी इंग्रजीतच जायचे होते, तरी मसुदा मी मराठीत केला, कारण कोणतीही गोष्ट मला आधी मराठीत पटावी लागते. (घरात बोलायचे कोकणीत आणि कागदावर उतरवायचे मराठीत, ही आमच्या पिढीची जुनी सवय, तिच्यावरून गोव्यात किती वाद झाले, ते इथे नकोत.)

कारणे सापडायला वेळ लागला नाही. दोघांची पेन्शन, एक-चौदाच्या उताऱ्यावरचे (म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावरचे) यजमानांचे नाव, पंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती, बँकेतल्या मुदत ठेवी, पणजीत नोकरी करणारा मुलगा आणि सून. एवढे पुरे होते. पण यजमानांनी कपाटातून आणखी दोन कागद काढले. एक होता देवस्थानाच्या महाजनांच्या, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या, यादीचा, जिच्यात त्यांचे, त्यांच्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव आहे. दुसरा कोमुनिदादीकडून, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडून, मिळालेल्या झोणाचा, म्हणजे त्या उत्पन्नातल्या वाट्याचा. झोणाची रक्कम सांगण्यासारखी नाही, तेवढ्यात फोंड्याच्या बाजारात आज चार बांगडे येणार नाहीत. झोण म्हणजे काय, हे मेलबर्नच्या साहेबाला कोण समजावणार, असे मी विचारले, तर ते म्हणाले, “परत कशाला येणार, तेच विचारलेय ना? मग चवथसुद्धा लिही.”

चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, मी लिहिली नाही. तिचा दाखला कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

त्या दुपारी मला या व्यवहारातला पेच पहिल्यांदा नीट दिसला. मुलीजवळ काही महिने राहता यावे म्हणून आम्हाला हे सिद्ध करायचे होते, की तिच्याहून अधिक ओढ लावणारे काहीतरी इथे आमच्यापाशी आहे. ज्याच्या मागे घर, जमीन, पेन्शन आणि दुसरे मूल आहे, त्याचा अर्ज भक्कम समजला जातो. ज्याला परदेशातल्या त्या एका मुलावाचून कोणी उरलेले नाही, आणि म्हणूनच ज्याला जाण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याकडे सर्वांत जास्त संशयाने पाहिले जाते. अर्जदाराचा इरादा खरोखर तात्पुरतेच राहण्याचा असला पाहिजे, एवढेच कायदा म्हणतो, आणि त्यात वावगे काही नाही. आपल्या घरात कोणाला किती दिवस ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. पण इरादा तपासायला कागदावाचून दुसरे साधन नसते आणि एकाकीपणाचा एकच कागद निघतो, तो म्हणजे जोडीदाराचा मृत्युदाखला. तो अर्जाला बळ देत नाही, उलट अर्ज कमकुवत करतो.

आमची मुलगी २००९ साली शिकायला मेलबर्नला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि पुढे तिथेच नोकरी करणाऱ्या डिचोलीच्या मुलाशी तिचे लग्न झाले. थोरल्या नातीच्या जन्माच्या वेळी, २०१६ मध्ये, आम्ही पहिला अर्ज केला. हा पर्यटक व्हिसा एका वेळी तीन, सहा किंवा बारा महिने राहू देतो. आमच्या हाती तीन महिने आले, आणि पुढे मुक्काम वाढवून मागता येणार नाही अशी अटही त्याला चिकटलेली होती. त्या वेळचे खरे काम मात्र मुदतीचे नव्हते, नावांचे होते. यजमानांचा जन्म १९५३ चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. त्यांच्या जन्मनोंदीचा तेओर, म्हणजे नोंदवहीतली अधिकृत नक्कल, पोर्तुगीज भाषेत आहे, त्यात नावातला ‘श’ एक्स या अक्षराने लिहिला आहे आणि आडनाव असे काही लिहिले आहे, की आजचा कारकून ते दुसऱ्याच माणसाचे समजेल. माझी गत त्याहून वाईट. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नुसते आडनावच नव्हे, नावही बदलले. शाळेच्या दाखल्यावर मी एक बाई आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर दुसरीच. मुलीने ऑनलाइन अर्ज भरताना विचारले, की या दोघी एकच असल्याचे कुठे लिहिलेले आहे का. शेवटी फोंड्याला नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करून, ही माझी आई आहे, हे तिला सिद्ध करून द्यावे लागले.

तेओराचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वाड्यावरच्या एका गृहस्थांचे सांगायला हवे. ते यजमानांच्याच वयाचे, त्याच शाळेत त्यांच्याच बाकावर बसलेले. त्यांचीही मुलगी मेलबर्नला आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व घेता येते, हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ह्या गृहस्थांनी ते घेतले. युरोपातल्या पासपोर्टधारकांसाठी ऑस्ट्रेलियाचा एक वेगळा पर्यटक परवाना आहे, त्याला शुल्क नाही, तो घरबसल्या मिळतो आणि वर्षभरात हवे तितक्या वेळा जाऊन प्रत्येक वेळी तीन महिने राहता येते. परत का येणार, हे त्यांना कोणी पत्र लिहून मागितले नाही. त्यांची पोफळीची बाग आमच्या बागेला लागून आहे. एकाच वर्षी, एकाच गावात, एकाच राजवटीत जन्मलेल्या दोन माणसांपैकी एकाचा शब्द पुरतो आणि दुसऱ्याला एक-चौदाचा उतारा जोडावा लागतो, याचे हसू यावे की राग, हे मी अजून ठरवलेले नाही. यजमानांनी तो मार्ग धरला नाही, कारण पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते, आणि ज्या वर्षी गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांचे काका तुरुंगातून सुटून आले होते. ह्यावर आमच्या घरी चर्चा होत नाही.

आईवडील हे कुटुंबातले असतात की नाही, हा प्रश्न मला २०२० पर्यंत कधी पडला नव्हता. त्या वर्षी २० मार्चला ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या. नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचे निकटचे कुटुंबीय यांनाच प्रवेश राहिला, आणि निकटच्या कुटुंबीयांची जी व्याख्या केली गेली, तिच्यात पती-पत्नी आणि मुले होती, आईवडील नव्हते. जूनमध्ये आमचा नातू जन्मला. मेलबर्न शहराने त्या दोन वर्षांत सहा वेळा मिळून २६२ दिवस टाळेबंदी सोसली, आणि त्यातल्या पहिल्या मोठ्या टाळेबंदीत माझी मुलगी, चार वर्षांची पोर आणि महिन्याचे बाळ घेऊन, बाळंतपण स्वतःच उरकत होती. मी इथून फोनवर तिला अळीव कसे भिजवायचे ते सांगत असे. पालकांनाही निकटच्या कुटुंबीयांत धरावे, यासाठी तिथे लोकांनी बरीच खटपट केली, आणि अखेर १ नोव्हेंबर २०२१ पासून ते मान्य झाले. त्या तारखेला सकाळी मुलीचा फोन आला आणि ती म्हणाली, “आई, आजपासून तू माझ्या कुटुंबातली.” ती हसत होती. मला ते विनोदी वाटले नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात डिचोलीला आमचे व्याही हृदयविकाराने गेले. २७ एप्रिलपासून ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमाने थांबवली होती आणि ३ मेपासून तर भारतात राहून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही दंडाची आणि कैदेची तंबी दिलेली होती. त्याआधीच नागरिकांना देशाबाहेर पडायलाही खास परवानगी लागत होती. जावई निघू शकले असते, पण परत मुलाबाळांत कधी पोहोचतील, हे कोणी सांगू शकत नव्हते. अग्नी पुतण्याने दिला. जावयांनी तो मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, आणि विहीणबाईंना त्या दिवसापासून डिचोलीच्या फ्लॅटमध्ये एकटीने झोपायची सवय करावी लागली. त्यांना मूल एकच.

आता जे लिहिणार आहे, त्यासाठी हे सगळे सांगावे लागले. २०१९ साली ऑस्ट्रेलियाने पालकांसाठी एक नवा तात्पुरता व्हिसा काढला, ८७० क्रमांकाचा. एप्रिलमध्ये मुलांकडून प्रायोजकत्वाचे अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि जुलैपासून पालकांचे. त्यात एका वेळी तीन किंवा पाच वर्षे राहता येते. सुरुवातीचे शुल्क तीन वर्षांना पाच हजार आणि पाच वर्षांना दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, माणशी, आणि पुढे ते वाढतच गेले. पाच हजार डॉलर म्हणजे आपले अडीच लाखांहून अधिक रुपये. प्रायोजक मुलाची किंवा मुलीची, जोडीदाराचे धरून, वर्षाची करपात्र मिळकत सुमारे ८३,४५० डॉलर असावी लागते. आरोग्यविमा आपला आपण काढायचा, सरकारी आरोग्यसेवेवर हक्क नाही, नोकरी करायची नाही. वर्षाला असे पंधरा हजारच व्हिसा. पहिली मुदत संपली की पुन्हा अर्ज करता येतो, पण त्याआधी सलग नव्वद दिवस देशाबाहेर राहावे लागते, आणि सगळे मिळून दहा वर्षे झाली की हिशेब संपतो.

दहा वर्षांच्या या आकड्यावर मी बरेच दिवस अडून होते. साठीत गेलेला माणूस सत्तरीत परत येतो. म्हणजे गुडघे धड असतात, नातवंडांना शाळेतून आणता येते, डाळ-भात शिजवता येतो, त्या काळापुरती परवानगी आहे. जिना उतरताना हात धरायला माणूस लागू लागला, की सामान बांधायचे. असे कोणी मुद्दाम योजले असेल, असे मी म्हणत नाही. पण हिशेब तसाच निघतो. कायमच्या व्हिसाची वाटही आहे, पण स्वस्त रांगेत तीस वर्षांहून अधिक काळ थांबावे लागेल, असे तिथले सरकारच सांगते, आणि महाग रांगेत माणशी चाळीस हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागतात आणि तरीही वर्षानुवर्षे थांबायचेच असते. शिवाय निम्मी तरी मुले तिथे स्थायिक असावीत, नाहीतर इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त असावीत, अशी अट. आमची दोनांपैकी एक तिथे असल्याने आम्ही त्या चाळणीतून कसेबसे पडतो. माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेची तीन मुले तीन देशांत आहेत. ती कुठल्याच चाळणीत बसत नाही.

एका घराने एका वेळी दोनच पालक प्रायोजित करायचे, असाही त्या व्हिसाचा नियम आहे. घर एक धरले जाते, माहेर आणि सासर वेगळे धरले जात नाही. आमच्या मुलीच्या घराला तीन म्हातारी माणसे होती आणि जागा दोन.

हा प्रश्न २०२२ च्या आमच्या मुक्कामात मेलबर्नच्या स्वयंपाकघरात निघाला. सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसा घेऊन आम्ही गेलो होतो आणि दोन वर्षांच्या नातवाला पहिल्यांदा हात लावला होता. तो आम्हाला फोनमधली माणसे समजून थोडे दिवस बिचकत होता. विहीणबाई त्या वेळी डिचोलीतच होत्या. जावई स्वभावाने इतके भिडस्त, की आपल्या आईचे नाव त्यांनी तोंडातून काढले नाही. मुलीनेही काढले नाही. एका रात्री जेवणे झाल्यावर यजमानच म्हणाले, की पहिली जागा विहीणबाईंची, त्यावर बोलणे नको. मग एक जागा उरत होती. मुलीने सुचवले, की ती मी घ्यावी आणि पप्पांनी पर्यटक व्हिसावर येत-जात राहावे. तिचा हिशेब सरळ होता. मी तिथे सलग राहिले असते, तर पाळणाघराचा मोठा खर्च वाचला असता आणि तिला पूर्णवेळ कामावर जाता आले असते. यजमान “तू घे” म्हणाले. पण चाळीस वर्षांचा संसार झालेल्या नवराबायकोंपैकी एकीला तीन वर्षे राहता येते आणि दुसऱ्याला अठरा महिन्यांत बारापेक्षा जास्त महिने नाही, असे दोन कागद एका कपाटात ठेवायला माझे मन घेईना. ती दुसरी जागा आम्ही रिकामी ठेवली. मुलीला ते पटले नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही पटले नसते.

नोकरी करायची नाही, या अटीबद्दल एक सांगते. सकाळी सातला उठून डबे भरायचे, नातवाला बागेत न्यायचे, नातीला शाळेतून आणायचे, संध्याकाळी भाजी चिरून ठेवायची, ह्याला तिथला कायदा काम म्हणत नाही, आणि आपणही म्हणत नाही. बागेतल्या बाकांवर माझ्यासारख्या कितीतरी बायका बसलेल्या असत, पंजाबच्या, आंध्रच्या, श्रीलंकेच्या, चीनच्या. भाषा जुळत नसे, तेव्हा बोटांनी महिने मोजून दाखवायचे: किती झाले, किती राहिले. चीनच्या एका बाईने मला रोज एक बोट कमी करून दाखवल्याचे आठवते. तिचा मुक्काम संपत आला होता आणि तिला आनंद होतो आहे की दुःख, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळत नसे. तशी मी स्वतःशीही मोजत होते. शहर नीटनेटके, घर उबदार, मुलीची माया तसूभरही कमी नाही; पण वाहन चालवता येत नसले की माणूस त्या नीटनेटक्या शहरात पार्सलासारखा होतो, कोणीतरी उचलून न्यावे तेव्हा हलतो. चौथ्या महिन्यात मला बांदोड्याच्या पावसाची स्वप्ने पडू लागली. नारळ काढायला पाडेली वेळेवर आला असेल ना, छपराची शाकारणी धड झाली असेल ना, असल्या चिंतांना तिथे अर्थ नव्हता, तरी त्या येत.

दुसऱ्या देशांत काय चालते, ते मी परिचितांकडून ऐकत असते. कॅनडाचा सुपर व्हिसा डिसेंबर २०११ मध्ये निघाला, कायमच्या प्रायोजकत्वाचे अर्ज तिथे इतके साचले होते की नवे घेणे थांबवावे लागले होते. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका वेळी पाच वर्षे राहता येते, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा आरोग्यविमा मात्र हवा. न्यूझीलंडने २०२५ च्या सप्टेंबरात पाच वर्षांचा तसाच एक व्हिसा सुरू केला. ब्रिटनने २०१२ पासून दार इतके अरुंद केले आहे, की रोजची कामेही स्वतःची स्वतः होत नाहीत आणि मायदेशी तशी काळजी घेणे शक्य नाही, हे दाखवल्याशिवाय आईला मुलाजवळ कायमचे राहता येत नाही. अमेरिकेत मूल नागरिक झाले असेल तर आईवडिलांना कोटा आड येत नाही, पण नागरिक व्हायलाच आपल्या मुलांचे केस पांढरे होतात. सगळीकडे सूत्र एकच दिसते: पैसे मुलांनी भरायचे, विमा आपण काढायचा, आणि देशाने आपल्याला पाहुणे म्हणायचे. पाहुण्याला आपण तिसऱ्या दिवशी भांडी घासायला लावत नाही, एवढाच फरक.

एके काळी आमच्या गावांतून माणसे मुंबईला, आफ्रिकेत, आखातात गेली, तारवटी होऊन समुद्रावर गेली. म्हातारी मात्र हलत नसत. मनिऑर्डर यायची, पत्र यायचे, चवथीला माणूस यायचा. माझ्या सासूबाईंनी मुंबईतल्या थोरल्या मुलाचे बिऱ्हाड आयुष्यात एकदाच पाहिले आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. जुने तेच बरे होते, असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. विमान नव्हते, पैसा नव्हता, म्हणून त्यांनी जे सोसले त्याला निवड म्हणता येणार नाही. पण मुलांना शिकवताना, इंग्रजी शाळेत घालताना, बँकेतून शैक्षणिक कर्ज काढून विमानात बसवताना आम्ही काय निवडत होतो, ते आम्हाला ठाऊक होते. परदेशी कायद्यावर रागावण्याआधी मला हे आठवते आणि राग अर्धा होतो.

पत्राचे राहिलेच. २०२२ च्या त्या अर्जातली सगळी कागदपत्रे मुलीनेच संगणकावर चढवली, त्यामुळे माझे पत्र तिने वाचले. ‘आमचे सारे आयुष्य गोव्यात आहे; ऑस्ट्रेलियात कायमचे राहण्याची आमची इच्छा नाही; ठरलेल्या तारखेला आम्ही आनंदाने परत येऊ,’ अशी त्यात वाक्ये होती. रात्री तिचा फोन आला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, “आई, हें खरें?” मी म्हटले, व्हिसासाठी लिहावे लागते. त्यावर ती “हां” म्हणाली आणि थोडा वेळ दोघीही बोललो नाही. ते पत्र खोटे नव्हते, हे तिला कळले होते, आणि तिला कळले हे मला कळले होते. अधिकाऱ्यासाठी म्हणून मी जे मराठीत नीट जुळवून लिहिले, ते मी तिला समोरासमोर कधीच सांगितले नसते. ‘आनंदाने’ हा शब्द मी काढून टाकायला हवा होता. अधिकाऱ्याने तो मागितला नव्हता.

विहीणबाईंचे पत्रही मीच लिहिले. ८७० च्या व्हिसालाही तात्पुरत्या इराद्याची अट आहेच, म्हणून २०२३ च्या सुरुवातीला त्या कागदांची पिशवी घेऊन डिचोलीहून आमच्याकडे आल्या. जेवणाचे तेच टेबल. फ्लॅटचे कागद, कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश, त्यांच्या यजमानांचा मृत्युदाखला, एक पासबुक. जमीन नाही, दुसरे मूल नाही. साखळी गावी एक बहीण, तीही आजारी. मी विचारत होते आणि त्या विचार करून, थोड्या शरमल्यासारख्या होऊन, “नाही” म्हणत होत्या. शाळेत ज्याला उत्तर येत नाही त्या मुलाला उभे करून ठेवल्यासारखे मला वाटू लागले. आमच्या वेळी कारणे इतकी झाली होती, की झोणाचा कागद मी बाजूला सारला होता. ह्यांच्यासाठी अर्धे पानही भरेना. शेवटी त्या म्हणाल्या, “असे लिहा ना, की माझी विहीण बांदोड्याला राहते. तिच्याकडे मला परत यायचे आहे.” मी हसले, पण लिहिले. इंग्रजीत विहीण या नात्याला शब्द नाही. माझ्या मुलाच्या बायकोची आई, असे चार शब्दांत सांगावे लागले. व्हिसा मिळाला. त्या वाक्यामुळे मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

आता त्यांची तीन वर्षे ऑगस्टात संपतात. पुन्हा अर्ज करायचा आहे, पण आधी नव्वद दिवस ऑस्ट्रेलियाबाहेर काढायचे आहेत, आणि डिचोलीचा फ्लॅट त्यांनी जाताना भाड्याने दिला तो भाडेकरू मुलांच्या परीक्षा होईपर्यंत सोडायला तयार नाही. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर जावई चाचरत काही तरी सुरू करणार, तेवढ्यात यजमानांनी त्यांना थांबवले आणि माडीवरची खोली रंगवायला काढली आहे, असे सांगून टाकले. ती अजून काढलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी काढली. ऑगस्ट ते नोव्हेंबर त्या आमच्याकडे राहतील. नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो फोनवरूनही देता येतो, पण त्यांना बँकेत स्वतः जाऊन द्यायचा आहे.

काल त्यांचा फोन आला होता. तिथे थंडी सुरू झाली म्हणाल्या, नातवाला दात आले आणि पडले म्हणाल्या, आणि मग विचारले, की चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला बांधायची कवंडळे आणि कांगलां ही रानफळे फोंड्याच्या बाजारात अजून मिळतात का, की आता तीही प्लास्टिकचीच बांधतात. मी म्हटले, मिळतात, पण आदल्या दिवशी पहाटे जावे लागते. त्या म्हणाल्या, “मग मला उठवा. मी येते तुमच्याबरोबर.”